मोटारी काढून घ्या

31 ऑगस्ट 2023, गुरुवार

ऑगस्ट कोरडा गेला. दोनदा भुरभुर आली, अंगणातली धूळ बसली, तेवढंच. रात्रीच्या बातम्यांत सांगितलं की 1901 पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट आहे. सोयाबीन शेंगा धरायच्या बेतात आहे आणि दुपारी बाराला पानं माना टाकतात. ह्यांनी पहाटे तलावावरची मोटार चालू केली ती लाइट जाईपर्यंत चालू होती. तुषार सिंचनाचे पाइप उचलून दुसरीकडे जोडायचे, पुन्हा उचलायचे, यात सगळा दिवस गेला.

हे संकट न सांगता आलेलं नाही, म्हणून आज लिहायला बसले. हवामान खात्याने 11 एप्रिललाच अंदाज दिला होता. पाऊस सरासरीच्या 96 टक्के, पण पावसाळ्यात एल निनो येण्याची शक्यता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकेच्या हवामान संस्थेने तो सुरू झाल्याचं जाहीर केलं. पुण्यात तर 18 मेपासूनच दर गुरुवारी नळ बंद ठेवायला सुरुवात झाली होती. चार धरणं उशाशी असलेल्या शहराने मे महिन्यात पाणी मोजायला घेतलं. आम्हाला सल्ला आला तो पेरणीचा: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो बरोबरच होता, आम्ही पाळलाही. पण तलावात आहे ते पाणी कसं वापरायचं, यावर एका शब्दाने कोणी बोललं नाही. बोलायला हवं होतं ते तेव्हा.

17 सप्टेंबर, रविवार

मुक्तिसंग्राम दिन. यंदा 75 वर्षं. शाळेत झेंडा झाला, पोरांनी भाषणं केली. काल छत्रपती संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मराठवाड्यासाठी 45 हजार कोटींहून मोठ्या योजना जाहीर झाल्या. त्यात सिंचनाचाही वाटा मोठा आहे. गुरुवारी पोळा झाला. बैलांना तलावावर धुवायला नेलं तेव्हा पाणी काठापासून बरंच आत गेलेलं होतं.

15 ऑक्टोबर, रविवार

आज घटस्थापना. आत्याबाईंनी पत्रावळीवर काळी माती पसरून धान्य पेरलं, घट बसवला.

पाटबंधाऱ्याच्या हिशेबातही आजची तारीख मोठी. 15 ऑक्टोबरला धरणात जेवढा साठा असेल तो त्या वर्षाचा साठा धरायचा. त्यातून आधी पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग बाष्पीभवन आणि गळती वजा करायची, आणि राहील त्यावर रब्बीला नि उन्हाळ्याला किती पाळ्या द्यायच्या हे ठरवायचं. मोठ्या धरणांवर हे काम कालवा सल्लागार समिती करते. शेतकरी नमुना नंबर 7 चा अर्ज भरतो, पाणीपट्टी भरतो, शेजपाळीने पाणी येतं. आमच्यापासून जवळ माजलगाव धरण आहे. त्याची क्षमता 454 दशलक्ष घनमीटर, त्यातला 142 मृतसाठा. बीड शहर त्याच धरणाचं पाणी पितं. तिथल्या टक्क्यांचा आकडा रोज पेपरात येतो.

आमच्या साठवण तलावाचा आकडा कुठे येत नाही. कालवा नावाला आहे, तो झाडोऱ्याने बुजलेला. पाणी उचललं जातं ते मोटारींनी. काठावर पाच एचपीपासून साडेसात, दहापर्यंतच्या मोटारी आहेत. काहींना परवाना आहे, पुष्कळांना नाही. कोणाची पाइपलाइन बांधाशेजारच्या एकरभर रानात संपते, कोणाची रस्ता ओलांडून दोन-तीन किलोमीटर लांब उसापर्यंत जाते. आमची मोटार परवान्याची आहे. मामंजींची दोन एकर काळीभोर जमीन या तलावात गेली. मोबदला मिळाला तो त्या वेळच्या दराने. तलाव झाला तेव्हा साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, जमीन गेली तरी पाणी तुमच्या दाराशी आलं. मामंजी ते वाक्य मरेपर्यंत सांगायचे.

दुपारी तलावावरच्या माणसाला विचारलं, यंदा किती आहे? तो म्हणाला, "निम्म्याला बी न्हाई, ताई. कागद वर धाडलाय." वर धाडलेला कागद गावात कधी वाचला जाणार, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते त्याचं कामही नाही.

ह्यांनी हरभऱ्याचं बी आणून ठेवलंय. किती एकर पेरायचा हे तलावात किती पाणी आपल्या वाट्याला येणार यावर ठरायला हवं. ते आज आम्हाला कोणी सांगू शकत नाही, म्हणून दरवर्षीइतकाच पेरायचा ठरला.

1 नोव्हेंबर, बुधवार

काल दुष्काळ जाहीर झाला. राज्यातले 40 तालुके. बीड जिल्ह्यातले तीन, वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. परवा माजलगावात नि बीडला जाळपोळ झाली, जिल्ह्यात संचारबंदी, इंटरनेट बंद. मोबाइलवर काही कळेना, म्हणून पुण्याच्या भाच्याने फोन करून सांगितलं की मामी, तुमचा तालुका यादीत आहे. पाच वर्षांपूर्वी, 2018 सालीही 31 ऑक्टोबरलाच यादी आली होती, तेव्हा 151 तालुके होते आणि आमचा पुरा जिल्हा त्यात होता. पुढच्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यात सगळ्यांत जास्त चारा छावण्या उघडल्या होत्या.

सवलती सगळ्यांना पाठ झाल्या आहेत. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषी पंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीचे निकष थोडे सैल, लागेल तिथे टँकर, आणि टंचाईच्या गावात शेतीपंपाची जोडणी तोडायची नाही. यातली एकही वाईट नाही. फी माफीने आमच्या गावातल्या दोन-चार मुली तरी पुढचं वर्ष शिकतील.

पण या आठांत पाण्याच्या वाटपाचं कलम नाही. दुष्काळ जाहीर करताना सरकारने पाऊस मोजला, जमिनीतली ओल मोजली, उपग्रहावरून पिकांची हिरवाई मोजली, गावं निवडून पंचनामे केले. ही पद्धत 2016 च्या दुष्काळ संहितेतली, चांगली शिस्तीची आहे. एवढं मोजल्यावर तलावागणिक उरलेलं पाणी मोजून 'यंदा रब्बीला एक पाणी, नंतर बंद' असं त्याच आदेशात लिहायला काय अडचण होती? शेतकऱ्याला नकार सहन होतो. पेरून झाल्यावर आलेला नकार सहन होत नाही.

आज कारखाने सुरू झाले. वाडी-वस्तीवरून रात्री ट्रक गेले. भांडी, कोंबड्या, लेकरं, वर बाजेवर म्हातारी. पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊस तोडायला. बालाघाटाच्या कुशीतली ही माणसं सहा महिने दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडतात, कारण त्यांच्या स्वतःच्या रानाला रब्बीचं पाणी नाही. त्यांच्यासाठी पाणीबंदीचा आदेश कधी निघालाच नाही. बंदी घालायला आधी पाणी मिळालेलं असावं लागतं.

27 नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवस अवकाळी. वेचणीचा कापूस पिवळा पडला. हरभऱ्याला मात्र या पावसाने जीव दिला.

नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सुटलंय. 8.6 टीएमसी सोडायचा आदेश महिनाभरापूर्वीच झाला होता. वरच्यांनी न्यायालयं गाठली, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही, मग दरवाजे उघडले. नियम असा की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असला तर वरून पाणी सोडायचं. हा हक्क 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने दिला, प्राधिकरणाने 2014 च्या आदेशात तो आकड्यांत मांडला आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. मराठवाड्याने यासाठी वर्षानुवर्षं भांडण केलं. मला त्या भांडणाचा अभिमान आहे.

तरी रात्री मनात येत राहिलं: वरच्या निफाड-राहात्याच्या शेतकऱ्याला आपण सांगतो की खोऱ्यातलं पाणी सगळ्यांचं, तुमच्या दाराशी धरण असलं म्हणून ते एकट्या तुमचं नाही. मग आमच्या तलावाच्या काठावरच्या दहा एचपीला हेच कोण सांगणार? खोऱ्याला नियम आहे. आमच्या छोट्या तलावाला नियम नाही, आणि मराठवाड्यातल्या बहुतेक गावांची तहान छोट्या तलावांवरच आहे.

22 डिसेंबर, शुक्रवार

मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आज मासिक सभेत ठराव घेतला की तलावातला अमुक इतका साठा पिण्यासाठी राखीव ठेवावा. मीच मांडला. नळयोजनेची विहीर तलावाच्या खालच्या अंगाला आहे. तलाव आटला की विहीर आटते, हे बायकांना सांगावं लागत नाही. ठराव एकमताने मंजूर.

सभा उठल्यावर एक जण बाहेर म्हणाला, "आता बंदी येणार म्हंजी येणार. त्याच्या आधी जेवढं वढता येईल तेवढं वढून घ्या."

9 फेब्रुवारी 2024, शुक्रवार

मधे फारसं लिहिलं नाही, पण त्या दीड महिन्यात झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

ठराव वर गेला आणि ही गोष्ट काठावर पसरली. जे मोटार दिवसाआड लावायचे ते रोज लावू लागले. रात्रीची लाइट असली की रात्रभर. ज्यांच्याकडे शेततळं होतं त्यांनी ते भरून घेतलं, नंतर विहिरीतही सोडलं. दोन नव्या पाइपलाइनी याच काळात झाल्या. शेजारचे मोसंबीवाले काका तीस वर्षं जपून पाणी देणारा माणूस, पण तेही म्हणाले, "मी जपून कोणासाठी ठेवू?" त्यांना काय उत्तर देणार! बंदीची चाहूल लागते आणि बंदी प्रत्यक्ष येत नाही, त्या मधल्या काळात तलाव सर्वांत जास्त उपसला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलं. शिल्लक पाण्याचा मोठा भाग त्या दीड महिन्यातच गेला.

आज आदेश आला. ग्रुपवर फोटो आला, मग कोतवालाने फिरून सांगितलं. तलावातला शिल्लक साठा पिण्यासाठी राखीव. शेतीसाठी उपसा बंद. तीन दिवसांत आपापल्या मोटारी, पाइप, स्टार्टर काढून घ्या. नाहीतर जप्ती, वीज तोडणार आणि गुन्हा दाखल.

हरभरा घाट्यात आहे. त्याला आता एक पाणी मिळालं तर दाणा भरेल, न मिळालं तर निम्म्यावर येईल. घरात संध्याकाळी कोणी जेवायला बसेना. धाकटे भाऊजी म्हणाले, "वैनी, तुमीच ठराव मांडला. आता तुमीच सांगा, दाणा कसा भरायचा?" मी म्हटलं, ठराव डिसेंबरात मांडला, आदेश डिसेंबरात आला असता तर हरभऱ्याला वेळेवर एक पाणी देऊन सगळ्यांनी सोबतच थांबवलं असतं. ते म्हणाले, "आसं व्हतं का कुठं?" हे गप्प. आत्याबाई म्हणाल्या, "प्यायचं पाणी आधी. बाहत्तरला धान्य नव्हतं, पण आडात पाणी व्हतं. आता धान्य दुकानात हाय, आड कोरडा." त्यांचं म्हणणं खरं आहे. भाऊजींचंही खरं आहे.

13 फेब्रुवारी, मंगळवार

आज पथक आलं. दोन गाड्या, वायरमन, पोलीस. आमची मोटार ह्यांनी कालच काढून घरी आणली होती. काकांची काढायची राहिली होती, कारण तराफ्यावर चढायला त्यांच्या गुडघ्यात बळ नाही आणि मुलगा पुण्याला. ती पथकाने काढली. पाइप कापले, स्टार्टर गाडीत टाकला. काका परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभे होते. साहेब नीट बोलले, म्हणाले, बाबा, आदेशात परवाना असलेले-नसलेले असा भेद नाही.

त्या साहेबाचा मला राग नाही. तरणा माणूस, उन्हात चिखल तुडवत फिरत होता. राग या गोष्टीचा आहे की लांब पाइपलाइनवाल्यांच्या मोटारी दोन दिवस आधीच निघालेल्या होत्या. त्यांची शेततळी भरलेली आहेत, त्यांना आता तलावाची गरजच नाही. आदेश सगळ्यांना सारखा होता, पण तो लागला तो ज्याच्याकडे साठवायला जागा नाही त्यालाच.

संध्याकाळी डीपीवरून काठाची लाइन तोडली. सवलतींच्या ज्या यादीत 'जोडणी तोडायची नाही' असं लिहिलं होतं, ती माझ्या वहीत तशीच आहे. पिण्याच्या पाण्यासाठी तोडावी लागली, मान्य. मग यादीत तसं स्पष्ट लिहावं.

11 मार्च, सोमवार

काकांचं बोअर अधिग्रहित झालं. नळयोजनेची विहीर तळाला गेली म्हणून त्यांच्या बोअरवरून टाकी भरणार. कायदा असा: पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही, आणि टंचाई जाहीर झाली की किलोमीटरभरातल्या विहिरींच्या उपशावर जिल्हाधिकाऱ्यांना निर्बंध घालता येतात. 1993 पासून हे आहे. 2009 च्या भूजल कायद्यात, जो 2014 पासून लागू झाला, तेच पुढे चालू राहिलं आणि शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आली. तालुक्यात आज 60 मीटरला पाणी लागतं असं बोअर मला दाखवा. बोअरच्या गाड्या दिवाळीपासून रोज रस्त्याने जाताहेत, तीनशे, चारशे, सहाशे फूट. हा कायदा आठवतो तो उन्हाळ्यात, आणि ज्याने आधीच पाणी लावलंय त्याच्यासाठीच.

अधिग्रहणाचा मोबदला दिवसावर मिळतो. तो पाण्याचा मोबदला आहे. मोसंबीचं झाड मेलं तर ते पुन्हा लावून फळाला यायला पाच-सहा वर्षं जातात, त्याचा नाही. काकांनी तरी नाही म्हटलं नाही. म्हणाले, "गाव पिलं पायजे." त्यांच्या दारात हंड्यांची रांग असते आणि पलीकडे बागेची पानं वळताहेत. मी रोज सकाळी त्या रांगेत उभी राहते आणि मला बागेकडे बघवत नाही.

18 एप्रिल, गुरुवार

गावातल्या पोरांना घेऊन एक गणित केलं. पाटपाण्यावर एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण 20 हजार घनमीटर पाणी लागतं. म्हणजे दोन कोटी लिटर. नळयोजनेचं माणशी प्रमाण रोज 55 लिटर. भागाकार केला तर एका हेक्टर उसाच्या पाण्यात हजार माणसं वर्षभर पाणी पितात. आमच्या तलावाच्या पाण्यावर ऊस किती हेक्टर आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून ऊसवाल्याला शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही. ज्या पिकाला ठरलेला भाव आहे, गारपिटीत जे उभं राहतं आणि ज्याला कारखाना स्वतः येऊन नेतो, असं दुसरं पीक आम्हाला कोणी दिलं का? पण 1999 साली चितळे आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको असं लिहून दिलं. पुढे 2019 मध्ये सुनील केंद्रेकरांनी, जे आधी आमचेच जिल्हाधिकारी होते, विभागीय आयुक्त म्हणून मराठवाड्यातल्या ऊसबंदीची शिफारस केली. कागद आहेत, फक्त अंमल नाही. फेब्रुवारीत मोटार उचलणं सोपं. त्या मोटारीच्या पाण्यावर कोणतं पीक उभं राहणार हे ऑक्टोबरात ठरवणं अवघड आणि खरं काम तेच.

असं ठरवून दाखवलेली गावं आपल्याच राज्यात आहेत. बाहत्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर होता: माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, आणि ऊस नाही. हिवरे बाजारला ग्रामसभा दरवर्षी पावसाचं नि भूजलाचं मोजमाप समोर ठेवून पिकं ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. हेही निर्बंधच आहेत, आमच्यापेक्षा कडक. पण ते पेरणीआधी, सगळ्यांसमोर आणि सगळ्यांना सारखे लागतात, म्हणून तिथे पथक यावं लागत नाही.

भाच्याने ऑस्ट्रेलियाची माहिती पाठवली. मरे-डार्लिंग खोऱ्यात दरवर्षी 1 जुलैला, हंगामाच्या पहिल्या दिवशी, शेतकऱ्याला त्याच्या हक्काच्या किती टक्के पाणी मिळेल ते जाहीर करतात. धरणात पाणी वाढलं की आकडा वाढवतात. शून्य टक्के असेल तर शून्य सांगतात. केपटाउनला 2018 साली नळ कोरडे पडायची वेळ आली तेव्हा शेतीचं पाणी निम्म्याहून जास्त कापलं गेलं, आणि तरी फळबागांच्या एका पाणीवापर संस्थेने आपल्या धरणातलं पाणी शहराला सोडलं. ज्याला आपला वाटा पक्का माहीत असतो तोच त्यातलं दुसऱ्याला देऊ शकतो. आमच्या काकांनी तर वाटा माहीत नसताना दिलं.

आणखी एक हिशेब डोक्यातून जात नाही. भर उन्हाळ्यात जायकवाडीतून रोज दशलक्ष घनमीटरहून जास्त पाण्याची वाफ होते. आमचा तलाव पसरट आहे, फेब्रुवारीत राखलेल्या पाण्यातलं बरंचसं उन्हाने नेलं. डिसेंबरात ज्वारीला पोटरीत, हरभऱ्याला फुलात प्रत्येकी एक पाणी देऊन मग बंदी घातली असती तर काही पाणी वाफेऐवजी दाण्यात गेलं असतं, कडबा झाला असता, आणि पिण्यासाठी आज आहे त्याहून फार कमी राहिलं नसतं.

13 मे, सोमवार

लोकसभेचं मतदान. तलावाच्या तळाला चर खोदून त्यातलं पाणी विहिरीकडे घेतलंय. टँकर दुपारी आला. गाळपेराच्या जमिनीत मामंजींचा जुना बांध उघडा पडलाय, दगड ओळखू येतात. आत्याबाईंना दाखवायला नेलं. त्यांनी बांधावर हात ठेवला आणि म्हणाल्या, इथं गहू यायचा.

9 जून, रविवार

मृग बरसला. परवापासून रोज. माती पुरती भिजली, पेरणीची घाई सुरू. काकांच्या बागेतली अर्ध्याहून जास्त झाडं गेली. उरलेल्यांना पालवी येतेय. काठावर मोटारी परत बसायला लागल्या आहेत, यंदाचा अंदाज 106 टक्क्यांचा आहे म्हणून सगळे निर्धास्त. मला याच निर्धास्तपणाची भीती वाटते. नियम करायचा तर आत्ताच, जेव्हा कोणाचं पीक पणाला लागलेलं नाही.

30 जून, रविवार

ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा लिहून पूर्ण केला. सप्टेंबर संपताना तलावातल्या साठ्याचा अंदाज आणि 15 ऑक्टोबरला पक्का आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा. पिण्याचं पाणी आधी वजा करायचं, उरलेलं घरागणिक वाटायचं, मोटारीच्या ताकदीवर नाही. तलावात ज्यांची जमीन गेली त्यांचा वाटा पहिला. पाऊस कमी असेल त्या वर्षी नव्या उसाला तलावाचं पाणी नाही. बंद करायचं तर तारीख पेरणीआधी सांगायची, आणि त्या तारखेनंतर काठावरची वीज सगळ्यांची एकाच दिवशी बंद, शेततळ्यात उपसून भरायलाही त्या आधीपासून मनाई. ज्याची विहीर गावासाठी घेतली त्याला फक्त पाण्याचा नव्हे, बागेचाही मोबदला द्यावा अशी सरकारला विनंती. ह्यांनी वाचलं. भाऊजींनीही वाचलं आणि खाली पहिली सही त्यांनी केली. काकांची सही उद्या घेणार आहे.

ज्यांच्या गावाला तलाव आहे त्या सगळ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आदेशाची वाट बघू नका. या 15 ऑक्टोबरच्या आसपास ग्रामसभा मागा, साठ्याचा आकडा तिथे वाचायला लावा, आणि हरभरा किती पेरायचा ते त्यानंतरच ठरवा.